हवेवरची नाव

नवापुरात होवरक्राफ्ट हा शब्द वारंवार काढणारा माणूस मी एकटाच असेन. निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात आमच्या एका सिस्टरनं माझ्या तीन गोष्टी सांगितल्या होत्या : ह्यांची सायकल, ह्यांची शीतसाखळी आणि ह्यांचं ते होवरक्राफ्ट. सगळे हसले. मीही हसलो. पण ती काय म्हणत होती हे मागच्या बाकावर बसलेल्या दोघातिघांनाच नीट कळलं, कारण ते त्या वर्षी माझ्याबरोबर गाळात होते.

नवापूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना रेल्वे स्टेशन आठवतं. सुरत-भुसावळ लाइनीवरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत. तिकीट महाराष्ट्रात काढायचं आणि स्टेशन मास्तरला भेटायचं तर गुजरातेत जायचं. कोणाला इथली तूरडाळ आठवते, कोणाला २००६ सालचा बर्ड फ्लू. पाणी मात्र कोणाला आठवत नाही. नवापूर आणि पाणी ह्याचा संबंध लोकांनी लावला तो २०१८च्या ऑगस्टात, रंगावली गावात घुसली तेव्हा. आम्ही कर्मचारी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पाण्याशी झगडत होतो. ते पाणी उकाईचं.

उकाईचं धरण गुजरातेत, तापीवर. १९७२ साली पुरं झालं. धरण त्यांचं, पण पाणी काही हद्द ओळखत नाही. ते मागे सरकत सरकत आमच्या बाजूला आलं. त्या वेळी आमचा तालुका धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा झाला तो १९९८च्या जुलैत. तापीकाठची काळी जमीन गेली, गावं उठली, माणसं वर टेकड्यांवर आणि इकडेतिकडे पांगली. मी साक्री तालुक्यातला. आरोग्यसेवक म्हणून ह्या भागात आलो तेव्हा पाणी येऊन दहा-बारा वर्षं झाली होती, आणि म्हातारी माणसं अजून बोट दाखवून सांगायची, "तिथं आमचं खळं, तिथं पिंपळ." बोट पाण्याच्या मधोमध.

ज्यांनी असं पाणी जवळून पाहिलं नाही त्यांना वाटतं, धरणाचं पाणी म्हणजे तळं. तसं नसतं. तळ्याला काठ असतो. धरणाच्या पाण्याला काठ नसतो, त्याला ऋतू असतो. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट. भाद्रपद-आश्विनात पाणी तिथवर चढतं, आणि मग कालव्यांना सोडत सोडत जेठापर्यंत कितीतरी फूट उतरतं. उभ्या कड्याला ते कळत नाही. पण जिथं जुनी शेतं होती, सपाटी होती, तिथं पाणी दहा फूट उतरलं की अर्धा-पाऊण किलोमीटर मागं जातं. मागं उरतो गाळ. वरचा भाग वाळला की लोक त्यात हरभरा, भुईमूग, टरबुजं लावतात. ह्याला गाळपेर म्हणतात, आणि गाळपेरीचा हरभरा ज्यानं खाल्ला त्याला दुसरा आवडत नाही. वाळलेल्या गाळपेरीच्या आणि पाण्याच्या मध्ये मात्र एक पट्टा असा राहतो की तो ना जमीन ना पाणी. नाव त्यात रुतते, माणूस मांडीपर्यंत जातो, बैल तर सोडूनच द्या. आम्ही त्याला रेंदा म्हणायचो. वरून बघाल तर चकचकीत, आरशासारखा, बगळे त्यावर ऐटीत चालतात. बगळा चालतो म्हणून माणूस चालत नाही.

माझ्या हद्दीत एक पाडा होता, नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. पाण्यात घुसलेल्या एका टेकडीच्या शेंड्यावर तीसेक घरं. जमिनीकडून जायचं तर दोन टेकड्या चढून-उतरून नऊ-दहा किलोमीटर, बैलगाडीची वाटही नाही. पाण्यानं गेलं तर पाऊण तास, समोर डांबरी सडक. मी बहुतेक पाण्यानंच जायचो. खांद्याला व्हॅक्सिन कॅरिअर, हातात चपला, आणि आमच्या नावाडीदादाची पत्र्याची नाव. आमच्या भागातले गावित लोक लहानमोठ्या सगळ्यांना 'तू' म्हणतात, त्यात अनादर नसतो. दादा मला "डॉक्टर, तू मधी बस" म्हणायचा आणि मी मधे बसायचो. मी डॉक्टर नव्हतो हे त्याला चार वेळा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

१९९३चा मे महिना. त्या पाड्यावरची एक बाई अडली. पहिलटकरीण. सुईण हुशार होती, तिनं संध्याकाळीच सांगितलं की हे आपल्या हातचं नाही. मी त्या दिवशी तिथंच मुक्कामी होतो. झोळी बांधली, म्हणजे एक जाड बांबू, त्याला चौघडीचं गोधडं, आणि आत बाई. पाड्याच्या बाजूला कडा उभा होता, त्यामुळे नावेत चढवायला त्रास झाला नाही. एका पोराला टेकडीवरून आधीच पिटाळलं होतं, त्यानं सडकेवर एक काळी-पिवळी जीप उभी करून ठेवलेली. अंधार पडला होता. पाण्यावरून जीपचे दिवे दिसत होते. मला आठवतं, दिवे दिसले तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, सुटलो.

नाव रुतली ती दिव्यांपासून साधारण तीनशे पावलांवर.

तीनशे पावलं म्हणजे किती? बाजारात पानवाल्यापासून बसस्टँडपर्यंत. चौघं झोळी घेऊन उतरले आणि पहिल्याच पावलाला चौघंही मांडीपर्यंत गेले. झोळी रेंद्याला टेकली. परत नावेत घेतली. मग दादानं नावेतल्या बसायच्या फळ्या काढल्या, सडकेकडून लोकांनी कुणाच्या तरी खोपीचं दार आणि कुडाच्या तट्ट्या आणल्या. तट्टी टाकायची, त्यावर झोळी सरकवायची, मागची तट्टी उपसून पुढं टाकायची. गाळ तट्टी सोडत नाही, धरून ठेवतो. तीन माणसं लागायची एक तट्टी उपसायला. कंदील एकच. बाई ओरडत नव्हती, ह्याची मला जास्त भीती वाटत होती. अर्ध्यात पोचलो तेव्हा सुईण म्हणाली, "थांबा." तिथंच, दारावर, मूल झालं. रडलं. सुईणीनं नाळ कापली. पण रक्त थांबेना. उरलेल्या दीडशे पावलांना आम्हाला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं नव्हतं, नंतर जीपवाला म्हणाला की एकूण दोन तास तो दिवे लावून उभा होता आणि बॅटरी उतरेल म्हणून इंजिन चालू ठेवलं होतं.

बाई जीपमध्ये गेली. नवापूर चार किलोमीटर राहिलं होतं. मूल आजीनं वाढवलं, शेळीच्या दुधावर.

पुढं तीन वर्षं माझ्या डोक्यात ते दार होतं. रस्ता नाही, मान्य. डॉक्टर लांब, मान्य. पण तीनशे पावलं ही काय गोष्ट आहे?

१९९६च्या दिवाळीनंतर मी वाशीला मेव्हण्याकडे गेलो होतो. मेव्हणा तिथल्या बाजार समितीत मापाडी. तो म्हणाला, "भाऊ, तुम्हाला एक गंमत दाखवतो, पाण्यावरून आणि जमिनीवरून एकच गाडी चालते." १९९४पासून वाशी आणि बेलापूरहून गेट वे ऑफ इंडियापर्यंत होवरक्राफ्ट चालत असे. मुंबईत राहिलेल्या काही वाचकांना आठवत असेल. मी आयुष्यात पहिल्यांदा खाडी पाहत होतो, आणि ओहोटी होती. बघतो तर काय, आमचाच रेंदा! तोच रंग, तीच चमक, वर तेच बगळे. आणि त्या रेंद्यावरून, भयंकर आवाज करत, पाण्याचे तुषार उडवत, एक बसएवढं धूड सरळ चालत आलं. पाणी संपलं, गाळ सुरू झाला, ते थांबलं नाही. तसंच वर चढलं, आवाज उतरला, आणि म्हैस बसावी तसं खाली बसलं. माणसं कोरड्या बुटांनी उतरली. एकाच्या हातात ब्रीफकेस होती.

मेव्हणा माझ्याकडे बघत होता, मी हसेन म्हणून. मला हसू आलं नाही.

तिकीट लोकलच्या कितीतरी पट होतं. वाशीचा रेल्वेपूल होऊन चार वर्षं झाली होती, लोकल भरभरून जात होत्या, शहाणा माणूस कशाला इतके पैसे घालेल? मी घातले. आत काही गंमत नाही, हे सांगून ठेवतो. खुर्च्या, काचांवर खारं पाणी, कानठळ्या. लाट लागली की कच्च्या रस्त्यावरच्या एस्टीसारखे गचके. पण उतरल्यावर तिथल्या एका मेकॅनिकला गाठलं. आधी त्याला वाटलं मी तक्रार करायला आलोय. मग म्हटलं, मी आरोग्य खात्यातला, आमच्याकडे असा गाळ आहे, तेव्हा तो खुलला आणि मला वाकवून त्यानं खालचा घागरा दाखवला.

हो, घागराच. इंग्रजीतही त्याला स्कर्टच म्हणतात. गाडीच्या सगळ्या कडेनं जाड रबरी कापडाची झालर, खाली बोटांसारख्या सुट्या पट्ट्या. वर एक मोठा पंखा हवा ओढून ह्या घागऱ्यात दाबतो. हवा कोंडते, गाडी उचलली जाते आणि खालून हवा सतत निसटत राहते. म्हणजे गाडी पाण्यावरही नसते आणि जमिनीवरही नसते, हवेच्या गादीवर असते. मागं विमानासारखे पंखे, ते पुढं ढकलतात. त्या पंख्यांच्या मागं सुकाणू. चाक नाही, त्यामुळे ब्रेक नाही. वारा आडवा आला तर गाडी तिरपी घसरते, चालवणाऱ्याला ते गृहीत धरूनच वळावं लागतं. मला जे हवं होतं ते त्यानं शेवटी सांगितलं. एवढं धूड, माणसांनी भरलेलं, पण वजन सगळ्या तळाला पसरल्यामुळे खालच्या गाळावर त्याचा दाब माणसाच्या पावलापेक्षाही कमी. माझं पाऊल मांडीपर्यंत जातं तिथं ते जात नाही. बगळ्यासारखं.

पुढं ह्या विषयावर जे मिळेल ते मी वाचत गेलो. हे यंत्र काढणारा क्रिस्टोफर कॉकरेल नावाचा इंग्रज. होड्या बांधायचा त्याचा छोटा कारखाना होता. १९५५च्या सुमारास त्यानं मांजराच्या खाण्याचा एक डबा आणि कॉफीचा एक डबा घेतला, एकात एक बसवले, मधल्या फटीतून हवा सोडली आणि स्वयंपाकघरातल्या तराजूवर दाब मोजला. डबे आणि तराजू! वाचून मला आमच्या मेव्हण्याचा अभिमान वाटला. १९५९च्या २५ जुलैला त्याचं पहिलं यंत्र इंग्लिश खाडी ओलांडून गेलं, आणि कॉकरेल स्वतः त्याच्या उघड्या पाठीवर बसला होता. यंत्राचा तोल सांभाळायला इकडून तिकडे सरकणारं वजन म्हणून. पहिल्या यंत्राला घागराही नव्हता, तो नंतर आला. मग १९६८पासून त्याच खाडीवर शेकडो माणसं आणि मोटारी वाहणारी प्रचंड होवरक्राफ्ट चालली ती थेट २०००पर्यंत. तेलाचा खर्च, समुद्राखालचा बोगदा, ह्यांनी ती संपवली. वाशीची गाडी तर १९९९लाच बंद पडली.

टिकली कुठं? इंग्लंडच्या दक्षिणेला वाईट नावाचं बेट आहे, तिथल्या राइड गावाला. मध्यम आकाराची, सत्तर-ऐंशी माणसांची गाडी, दहा मिनिटांचा प्रवास, १९६५पासून आजतागायत. आणि कारण बघा : राइडला ओहोटीला समुद्र इतका मागं जातो की बोटींसाठी त्यांनी दोनशे वर्षांपूर्वी पाऊण किलोमीटर लांबीचा धक्का समुद्रात काढला. होवरक्राफ्टला धक्का लागत नाही. ती रेतीवरून थेट गावात येते. आपल्याकडे कच्छच्या किनाऱ्याच्या चिखलात तटरक्षक दल ती वापरतं, त्याचंही कारण तेच. जिथं पाणी खोल आहे तिथं ह्या यंत्राला बोट हरवते, जिथं जमीन पक्की आहे तिथं एस्टी. जिथं दोन्ही नाही तिथं दुसरं कोणी नाही. आमच्या मेच्या पट्ट्याइतकी योग्य जागा मला तरी दुसरी दिसत नव्हती.

मी साहेबांना सांगितलं. एका बैठकीत सांगितलं, दुसऱ्या बैठकीत लिहून दिलं. कोणत्या कचेरीत ते सांगायचं कारण नाही. तिथं एकानं विचारलं, "ह्याचं हेड कुठलं?" मी म्हटलं, "पुढचं टोक." तो म्हणाला, "तसं नाही हो, बजेटचं हेड." ह्यात त्याची काही चूक नव्हती. आमच्या उपकेंद्राला तेव्हा केरोसीनच्या फ्रिजच्या वातीचे पैसे वेळेवर मिळत नव्हते.

खरी तपासणी केली ती नावाडीदादानं. एका रात्री त्याच्या अंगणात मी त्याला सगळं समजावलं, मातीत काठीनं चित्र काढून. तो निमूट ऐकत होता. मग म्हणाला, "डॉक्टर, तो घागरा कशाचा?"

"रबराचा. कापड घातलेलं."

"आणि जमिनीपासून गाडी किती वर?"

"घागऱ्याची उंची धरली तर हात-दीड हात. तेवढा दगड, बांध ओलांडते."

"मग सागाचे खुंट?"

हे मला सुचलं नव्हतं असं नाही, पण मी ते मनात मागं ढकलत होतो. पाणी यायच्या आधी इथला साग तोडून नेला, खुंट राहिले. सागाचा खुंट पाण्यात कुजत नाही, टोकदार होत जातो. नावेच्या पत्र्याला त्यांनी भोकं पाडलेली आम्ही दोघांनी पाहिली होती. घागऱ्याचं बोट फाटलं तर बदलता येतं, ती रचना त्यासाठीच असते. पण एका फेरीत दहा बोटं फाटली तर बदलणार कोण? दादाला प्रत्येक खुंट ठाऊक होता. पाणी चढलं की कुठला बुडतो, उतरलं की कुठला आधी डोकं काढतो. ताशी साठ-सत्तर किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीला हे ठाऊक करून घ्यायला वेळ नसतो.

"आणि तेल?" तो म्हणाला. मी आकडा सांगितला नाही. वल्ह्याला तेल लागत नाही, एवढंच तो बोलला आणि विडी पेटवली.

मला कोणी विचारतं, मग तुमचं म्हणणं काय, हवी होती की नको? माझं म्हणणं असं की तिथं नको होती, नर्मदेवर हवी होती आणि अजून हवी. आमच्या जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, धडगाव-अक्कलकुव्यात, सरदार सरोवराचं पाणी आहे. महाराष्ट्राची तेहतीस गावं त्या पाण्यानं बाधित. तिथं तरंगता दवाखाना आहे, बोट अँब्युलन्स आहे, आणि २०२०च्या टाळेबंदीत चिमलखेडीची अंगणवाडी सेविका स्वतः वल्हं मारत बाळांची वजनं करायला जात होती. पेपरांत तिचे फोटो आले, कौतुक झालं. कौतुक व्हायलाच हवं. पण फोटो बघून माझ्या मनात आलं ते तिच्या खांद्यांचं. २०१९च्या संक्रांतीला त्याच नर्मदेत भुषा गावाजवळ माणसांनी भरलेली बोट उलटली, किमान सहा जणं गेली. बोटीत किती माणसं घ्यायची, लाइफजॅकेट कुठं आहेत, हे प्रश्न होवरक्राफ्टच्या आधीचे आहेत, हे मला कळतं. आधीचे प्रश्न सुटल्याशिवाय पुढचं मागू नये, असं मात्र मला पटत नाही. पल्स पोलिओ १९९५ला सुरू झाला तेव्हा आमच्याकडे पुरेसे रस्ते कुठं होते? तरी थेंब पोचलेच ना.

पाड्याला पुढं टेकडीच्या बाजूनं रस्ता झाला. आधी मुरूम, मग खडी, आणि कितीतरी वर्षांनी डांबर. आता १०८ला फोन लागला तर गाडी पाड्याच्या तोंडाशी येते. फोन लागायला दोन घरं वर चढावं लागतं. अडलेली बाई आता पाण्यानं कोणी नेत नाही. बाजाराला, मासे विकायला, लग्नकार्याला मात्र लोक अजून पाण्यानंच येतात, आणि मे महिन्यात तीनशे पावलं तशीच आहेत. कोणी तिथं दगडांची एक ओळ टाकली होती, दोन पावसाळ्यांत गाळानं गिळली.

त्या रात्रीचं ते मूल आता तिशीचं आहे. काही वर्षं ऊसतोडीला बारडोलीकडे गेला, मग परत येऊन त्यानं दादाची जागा घेतली. नाव फायबरची आहे, मागं छोटं इंजिन. दादा वारला. पोराला मी आजवर ह्यातलं काही बोललो नव्हतो, कुठून सुरुवात करायची हे कळत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला जाताना त्याच्या नावेत बसलो होतो, पाड्याच्या कड्याखाली, नाव सुटायची होती. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि मला एक व्हिडिओ दाखवला. राइडचाच होता. समुद्रातून आली, रेतीवर चढली, बसली, माणसं उतरली.

"बाबा, तू ह्याच्याबद्दल सांगायचा म्हणे. आपल्या रेंद्यात चालंल का हे?"

म्हटलं, "रेंद्यात चालेल. खुंटांचं काय करशील?"

तो जरा वेळ पाण्याकडे बघत राहिला. "आमच्या वाटेवर सत्तावीस आहेत," म्हणाला. "मी मोजलेत. मेमधी कापता येतात, पाणी उतरल्यावर." आणि त्यानं इंजिनाची दोरी ओढली.